लाभ, दोन, तीन

चारठाण्याच्या दवाखान्यात बाजाराच्या दिवशी
लोक सुई मागतात
चहा मागावा तशी.
"सिस्टर, ती दुखण्याची मारा. गोळीनं काय होतंय?"

लिंबाजी मापाडी बाकड्यावर बसलाय.
उजव्या चपलेला सायकलच्या ट्यूबचा पट्टा
टाचेमागून आवळलेला,
कारण ते पाऊल चप्पल धरत नाही.
बावीस वर्षं झाली.
उचललं की आधी बोटं खाली पडतात.
फट्, फट्.
फाटकापासूनच ओळखू येतो.

ती सुई माझ्या वडलांनी दिली होती.

दादाराव कंपाउंडर. पितळी डबा, काचेची पिचकारी
स्टोव्हवर उकळलेली.
पाच रुपये, नसले तर शेंगा.
लिंबाजीची कंबर धरली ऐन सुगीत,
मोंढ्यात पोत्यांची थप्पी, ट्रक उभा.
"दादाराव, लवकर."
वडलांनी लवकर दिली,
उभ्या उभ्या, धोतर जरा सरकवून,
मांस दिसलं तिथं,
मध्यावर, थोडं खालीच.
नस कुठून जाते ते त्यांना कुणी दाखवलं नव्हतं.
लिंबाजी म्हणाला, वीज गेली टाचेपर्यंत.
वडील म्हणाले, औषध लागू पडलं.

मग डबा फडताळातच राहिला.
मोंढ्याच्या रस्त्यानं वडील पुन्हा गेले नाहीत,
मिठालासुद्धा मला पाठवायचे.

परभणीला नर्सिंगला मॅडमनी
रबरी पुतळ्याच्या कुल्ल्यावर खडूनं अधिक काढलं.
चार घरं. वरचं, बाहेरचं, हे आपलं.
बाकी तीन घरांत पाय ठेवायचा नाही.
सगळ्या मुलींनी वहीत आकृती काढली.
मी काढली नाही.
मला ती चालताना दिसलेली होती.

"गुडघा लई दुखायलाय. मार एक."
मी विचारते. पोटात जळजळ?
"जळतंच की. कुणाचं जळत नाही?"
शी काळी झाली होती कधी, डांबरासारखी?
तो खिडकीकडं बघतो.
"मधी झाली. चार दिस. सांगायची गोष्ट हाय का ती?"
धाप लागते? लघवी कमी? बीपीची गोळी?
पिशवीतून तो पुडी काढतो.
तीन रंग, मेडिकलवरून, कुणाच्याही चिठ्ठीशिवाय.
पट्टीचा तुकडा उलटा करून मी नाव वाचते.
तेच औषध. सुईतून मागतोय तेच,
महिनाभर सकाळ-संध्याकाळ
पोटातून चाललेलं.

काका, सुई नाही. ही पिवळीपण आजपासून बंद.
आधी डॉक्टरांना दाखवा, पोटाचं सांगा, लपवू नका.
मग रक्त तपासायला जिंतूरला.

"म्हंजी मापात पाप नको म्हणतीस."
हसतो. मग बराच वेळ पट्टा नीट करत राहतो.
"तुझ्या बापानं एवढं इचारलं असतं तर..."
वाक्य तिथंच सोडतो,
काट्यावर टेकवलेलं पोतं
कुणीतरी हाक मारली म्हणून सोडावं तसं.

मी काही म्हणत नाही.
माझ्या हातात पुढची चिठ्ठी.
केराबाई, कंबर भरलेली, पोट साफ, दमा नाही,
डॉक्टरांनी लिहिलंय पंच्याहत्तर, एकदाच.
पालथं झोप, पाय सैल सोड, बोटं आत वळव.
बोटांनी हाड चाचपते, मनात अधिक काढते.
वरचं, बाहेरचं.
खोल, सावकाश.
टाचेपर्यंत काही गेलं का गं?
"नाही बाई."
पुन्हा विचारते.
"नाही म्हणलं की."

आता वीस मिनिटं इथंच बस. अंगावर पुरळ, घेरी, धाप,
काही वाटलं तर हाक मार.
"घड्याळ कुठंय इथं?" केराबाई विचारते.
भिंतीवरचं बंद आहे दिवाळीपासून.

"मी हाय की," लिंबाजी म्हणतो.
मापाडी एक म्हणत नाही.
पाऊल लोंबतं ठेवून, बाजाराच्या गलक्यात,
तो तिची मिनिटं मोजायला घेतो,
पोत्यामागून पोतं उतरवावं तशी:
लाभ,
दोन,
तीन.